खाली बसणाऱ्यांच्या मुलखातील खुर्ची

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात जुन्या सामानाचा लिलाव झाला. निर्लेखित वस्तूंच्या यादीत लोखंडी कपाटे होती, मोडकी बाके होती, एक सायक्लोस्टाइल यंत्र होते आणि अगदी शेवटी 'लाकडी खुर्च्या' एवढीच मोघम नोंद होती. त्या खुर्च्या अस्सल सागवानाच्या होत्या. बैठकीची वेताची वीण फाटली होती, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. आम्ही दोघांनी भंगाराच्या भावाने एकेक खुर्ची विकत घेतली आणि घरी आणून उलटी करून पाहिली. खाली पांढऱ्या रंगात एक आकडा होता, सुताराचे नाव कुठेही नव्हते. ही खुर्ची कोणत्या घडणीची, कोणत्या काळाची, हा प्रश्न तेव्हा पडला आणि मिळेल ते वाचणे सुरू झाले. खुर्चीचे इतिहास बहुधा इजिप्तमध्ये सुरू होतात आणि डेन्मार्कच्या आसपास संपतात. त्यांत चंद्रपूर-गडचिरोली कुठे येत नाही. मात्र ज्या लाकडावाचून त्यांतील कित्येक पाने लिहिलीच गेली नसती, त्या सागवानाचे हे एक मोठे माहेर आहे. ही विसंगती आम्हांस स्वस्थ बसू देईना.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. त्यामुळे आधी शब्दाकडे वळलो. 'खुर्ची' मूळची आपली नव्हे. अरबी 'कुर्सी' फारसीच्या वाटेने आली आणि मराठीत तिची 'खुर्ची' झाली. 'तक्त' फारसी, 'अलमारी' पोर्तुगीज, 'टेबल', 'स्टूल' आणि 'सोफा' इंग्रजांमागोमाग आलेले. ह्यावरून आपल्या लोकांना घरसामानाची जाणच नव्हती, असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांनी केली आहे. ती चुकीची आहे. पाट, पिढे, चौरंग, तिवई, माचा, बाज, खाट, पलंग, झोपाळा, लोड, तक्क्या, गादी ही यादी काही दरिद्री नव्हे. फरक आहे तो उंचीचा. ह्यांतील बसण्याच्या बहुतेक वस्तू जमिनीपासून वीतभर, फार तर हातभर वर जातात, कारण त्या मांडी घालून बसणाऱ्या शरीरासाठी घडल्या आहेत. जाते, चूल, पाटा-वरवंटा हे सारे संसाराचे कामकाज त्याच पातळीवर चाले. विळी तर बसायच्या पाटालाच पाते बसवलेले हत्यार. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या दिवसांत रात्री अंगणात टाकलेली सुताची बाज खालूनवरून वारा घेते; तिच्यापुढे गादीचा पलंग म्हणजे शिक्षा. आणि 'बैठक' ह्या एकाच शब्दात आपण अंथरूण, सभा, मैफल आणि बसण्याची ढब असे सगळे कोंबले आहे, ते उगीच नव्हे.

बसण्याला मराठी वाङ्मयात केवढे मोल होते, हे पाहायचे तर महानुभावांच्या स्थानपोथीकडे पाहावे. चक्रधरस्वामी कोठे राहिले, कोठे वस्तीस थांबले, कोठे त्यांचे आसन झाले, ह्याची ती नोंद. जेथे स्वामी बसले तेथे पुढे ओटे बांधले गेले आणि ते ओटेच वंदनीय झाले. कशावर बसले हा प्रश्न गौण, कोठे बसले हा मुख्य.

आता जगाकडे वळू. इजिप्तची राणी हेतेफेरेस हिची खुर्ची १९२५ साली गिझा येथील उत्खननात सापडली. ती ख्रिस्तपूर्व सुमारे २६०० ची, म्हणजे आजमितीस साडेचार हजारांहून अधिक वर्षांची. तिचे पाय सिंहाच्या पायांसारखे कोरलेले आहेत. आपल्या 'सिंहासन' शब्दातील सिंह असाच बसणाऱ्याच्या खाली येऊन उभा राहिलेला. दोन संस्कृतींनी एकमेकींकडून हे उचलले असे आम्ही म्हणत नाही, पण बलिष्ठ प्राण्याला बुडाखाली घेण्याची हौस राजांना सगळीकडे सारखीच असावी. ग्रीकांनी मात्र सिंह बाजूला सारला. त्यांची 'क्लिस्मॉस' नावाची खुर्ची बाहेर वळलेल्या पायांची आणि पाठीशी सुखाने वाकलेली. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील मृत्पात्रांवर आणि स्मृतिशिळांवर तिच्यात साध्या गृहिणीही बसलेल्या दिसतात. खुर्चीच्या सबंध इतिहासात इतकी निगर्वी वस्तू आम्हांला दुसरी आढळली नाही. रोमनांनी पुन्हा अधिकाराकडे मुरड घेतली. फुलीच्या आकाराचे पाय असलेली त्यांची घडीची बैठक फक्त वरिष्ठ दंडाधिकाऱ्यांसाठी असे. ग्रीक-लॅटिन 'कॅथेड्रा'पासून बिशपचे आसन, त्यावरून कॅथीड्रल आणि त्याच शब्दापासून इंग्रजी 'चेअर'. विद्यापीठांत आज आपण ज्याला 'अध्यासन' म्हणतो तेही ह्याच कुळातले. म्हणजे आमचा पेशादेखील एका खुर्चीचा मिंधा आहे.

चीनची कथा आम्हांला अधिक मोलाची वाटते, कारण एक सबंध समाज जमिनीवरून खुर्चीवर गेल्याचे ते दुर्मीळ उदाहरण आहे. वायव्येकडून आलेली घडीची तिवई तिथे दुसऱ्या-तिसऱ्या शतकात 'परक्यांचा माचा' अशा अर्थाच्या नावाने ओळखली जाई. बौद्ध भिक्षूंच्या उंच आसनांनीही पुढे हातभार लावला आणि दहाव्या ते बाराव्या शतकांत, सुंग काळात, खुर्ची घरोघर पोचली. खुर्ची आली म्हणताच टेबल उंच झाले, भांड्यांचे घाट बदलले, खिडक्या वर सरकल्या. शेजारचा जपान मात्र चटईवरच राहिला. त्याला कोणी मागासलेला म्हणत नाही, उलट त्याच्या रिकाम्या खोल्यांचे कौतुक होते. हेच कौतुक माडिया घराच्या सारवलेल्या रिकाम्या ओसरीच्या वाट्याला का येत नसावे?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पाय खाली सोडून बसणे आपल्याला अपरिचित नव्हते. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात आणि वेरूळच्या १० क्रमांकाच्या, विश्वकर्मा म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेण्यात भगवान बुद्ध चक्क पाय खाली टेकवून उच्चासनावर बसलेले आहेत. मूर्तिशास्त्र ह्याला प्रलंबपादासन म्हणते. आमच्या जिल्ह्यात भद्रावतीजवळ विजासनच्या लेण्यांतही बसलेले बुद्ध आहेत. तेव्हा कल्पना होती, सुतार होते, लाकूड तर उदंड होते. तरीही सामान्यांच्या घरात उंच बैठक शिरली नाही. ती देवाची, राजाची आणि गुरूची राहिली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपती ज्या सिंहासनावर बसले ते बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासद बखर सांगते. पण पुढे मराठेशाहीत सत्तेचे नाव सिंहासनापेक्षा 'गादी' असेच रूढ झाले. साताऱ्याची गादी, नागपूरकर भोसल्यांची गादी. गादी जमिनीवर असते. तिच्यावर बसणाऱ्याचा मान उंचीने नव्हे, तर बाकीचे त्याच्यापासून किती अंतरावर बसतात ह्याने मोजला जाई.

ही मोजपट्टी चांद्यात बदलली १८५४ साली. डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, त्याबरोबर चांदाही गेला. खुर्ची ह्या मुलखात घरसामान म्हणून आली नाही, कचेरी म्हणून आली. साहेब खुर्चीवर, कारकून जाजमावर आणि फिर्यादी उभा, अशी ती नवी उतरंड होती. दिल्ली-पंजाबकडे ह्या प्रकाराने इतकी मजल गाठली की साहेबांसमोर खुर्चीवर बसण्याचा मान असलेल्या प्रतिष्ठितांना 'कुर्सीनशीन' म्हणत आणि तशी प्रमाणपत्रे दिली जात. युरोपीय मंडळी ह्याला पौर्वात्य थाट म्हणून हसली असतील, तर त्यांनी आपले व्हर्सायचे दरबार आठवावेत. तेथे राजाराणीसमोर साध्या पाठ नसलेल्या तिवईवर टेकण्याचा हक्क डचेसना होता आणि त्यावरून रुसवेफुगवे चालत. फ्रेंच खुर्च्यांच्या शैलींना चौदावा लुई, पंधरावा लुई अशी राजांची नावे आहेत. लंडनच्या टॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये आपल्या नमुन्यांचे पुस्तक छापले तेव्हा प्रथमच एका शैलीला सुताराचे नाव मिळाले.

सुताराचे नाव आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. त्यातील 'टेक्टोना' हे ग्रीक 'टेक्टॉन'वरून, म्हणजे सुतारावरून आले. एखाद्या झाडाला त्याच्यापासून वस्तू घडवणाऱ्याचे नाव द्यावे, ह्याहून मोठे शिफारसपत्र कोणते? सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही, उन्हाळ्यात फारसा आकसत नाही, लोखंडी खिळ्याशी त्याचे वैर नाही. युरोपचा ओक हे सारे इतक्या इमानाने करत नाही. म्हणून आधी जहाजे: मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. मग रेल्वे आणि मग सरकारी इमारतींचे दरवाजे, कपाटे, खुर्च्या. अहेरी-सिरोंच्याकडचे सागवान प्राणहिता-गोदावरीच्या प्रवाहात सोडून पूर्व किनाऱ्याकडे नेत. पुढे बल्लारशाह-काजीपेठ लोहमार्ग पुरा झाला आणि बल्लारशाह हे लाकडाचे मोठे नाके बनले. १८६५, १८७८ आणि १९२७ असे तीन वनकायदे आले. जंगलात राहणाऱ्याला आपल्या झोपडीचा खांब तोडण्यासाठी परवानगी लागू लागली आणि त्याच जंगलाच्या खुर्चीवर बसून ती परवानगी दिली अथवा नाकारली जाऊ लागली. आलापल्लीजवळ जुन्या सागांचा थोडा भाग राखून ठेवलेला आहे. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले गेले. तेथे एखाद्या खोडाला कवेत घेण्याचा प्रयत्न केला की आपल्या खुर्चीचे पूर्वज काय होते ते कळते.

साहेबांच्या खुर्चीचे तीन प्रकार ह्या जंगलात वावरले. एक कचेरीतली, ताठ पाठीची. दुसरी वनविश्रामगृहाच्या व्हरांड्यातली आरामखुर्ची, जिचे हात इतके लांब की त्यांवर पाय पसरता यावेत. आणि तिसरी दौऱ्यावरची, जिचे दांडे सुटे करून गुंडाळून बैलगाडीवर टाकता येत. ह्या तिसरीचे प्रसिद्ध नाव 'रूरकी खुर्ची', रूरकीच्या लष्करी इंजिनियरांवरून पडलेले. खिळा नाही, सरस नाही. चार दांडे, आडव्या काठ्या, किरमिजाचा वा चामड्याचा पट्टा. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट ह्याने १९३३ मध्ये तिच्यावरून 'सफारी चेअर' बेतली आणि ती आधुनिक अभिरुचीचा नमुना ठरली. वेताचेही तसेच. विणलेल्या बैठकीची खुर्ची युरोपात सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून गेलेल्या वेतामुळे रुजली. ती वीण पुढे साहेबाच्या खुर्चीत बसून आपल्याकडे परत आली, तेव्हा आपण तिला विलायती समजलो. बाजेच्या सुतातून वारा खेळवणारी आपली जुनी युक्तीच त्या जाळीतही आहे, हे ध्यानात आले नाही.

खुर्चीचा इतिहास सांगताना गोणपाटाचा सांगितला नाही तर तो अर्धा राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि संध्याकाळी परत आणावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. 'खाली बसणे' म्हणजे साधेपणा, समता, भारतीयत्व वगैरे गोड लिहिणाऱ्यांनी, आमच्यासकट, हा तुकडा नजरेआड करू नये. जमीन सर्वांची असते हे खरे नाही. जमिनीवरही ओळी होत्या, कोपरे होते, उंबरठ्याबाहेरची जागा होती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात येऊन धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर जमलेले लोकही जमिनीवरच होते. परंतु तेथे कोणाचा कोपरा नव्हता. तेव्हा खाली बसणे हे एकाच अर्थाचे नाही. कोणी बसवले आणि कोण आपण होऊन बसले, ह्यावर सारे अवलंबून आहे. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बाईला वा दलित सरपंचाला खुर्ची मिळत नाही अशी बातमी अधूनमधून वाचली की मागणी लाकडाची नसून कशाची आहे, ते समजते.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वांच्या घरात आहे. मिखाएल थोनेटची वाफेने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची १८५९ ची. सहा तुकडे आणि काही स्क्रू एवढ्यावर उभी राहणारी, सुटी करून पेटीत भरता येणारी ही वस्तू मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत पोचली आणि तिथे जातपात न विचारता कोणीही तिच्यावर बसून चहा पिऊ लागला. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे काढली. मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास जर्मनीत सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळीची खुर्ची केली. आमच्या वर्गांतल्या कुरकुरणाऱ्या नळीच्या खुर्च्यांची ती पणजी. चंडीगढसाठी पियेर जनेरे ह्याने १९५० च्या दशकात सागवान आणि वेत ह्यांच्या खुर्च्या आखल्या. कालांतराने त्या कचेऱ्यांतून भंगारात गेल्या, तेथून परदेशी लिलावांत लाखोंच्या बोलीने विकल्या गेल्या, आणि मग कोठे २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्री-निर्यातीला आळा घालण्याचे आदेश काढले. आमच्या महाविद्यालयाच्या खुर्च्यांना जनेरे लाभला नाही, एवढेच. १९९० नंतर एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची आली आणि तिने जे केले ते एकाही शैलीला जमले नव्हते: भामरागडच्या लग्नमांडवापासून मुंबईच्या सभेपर्यंत तीच. ती कुरूप आहे, उन्हात तडकते, मागे रेलले की पाय फाकवते. तरी पाहुण्याला 'बसा' म्हणताना गरीब घरातला संकोच तिने कमी केला, हे मान्य करावे लागेल. झाडीपट्टीच्या नाटकांना गर्दी होते तेव्हा खुर्चीचे तिकीट वेगळे आणि खाली बसणाऱ्यांचे वेगळे असते, ही गोष्ट निराळी.

एक अवांतर. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे ह्यांना मणक्याच्या विकारामुळे आयुष्याची अनेक वर्षे बसताच येत नसे. उभे राहणे वा आडवे होणे एवढेच शक्य होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले. ज्या जिल्ह्यात खुर्चीचे एवढे राजकारण, त्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा माणूस खुर्चीचा उपयोगच नसलेला होता. असो.

खुर्ची आणि जंगल ह्यांचे भांडण सर्वांत स्वच्छ दिसते ते धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा येथे. गोंड गावाचे सामाईक सभास्थान, शिक्षणस्थान म्हणजे गोटुल. मेंढ्याच्या लोकांनी जंगलातील लाकूड आणून ते नव्याने उभारले तेव्हा विनापरवाना लाकूड वापरले म्हणून वनखात्याने हरकत घेतली आणि बांधकाम पाडले. गावाने ते पुन्हा उभारले. सरकारी बंगल्यातल्या आरामखुर्चीला जे लाकूड चालते ते गावाच्या बसण्याच्या जागेला का चालू नये, ह्या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तर असेल, न्यायाच्या भाषेत नव्हते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा ह्याच गावाची. तिथली ग्रामसभा जमिनीवर वर्तुळात बसते आणि मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. वर्तुळाला टोक नसते, त्यामुळे अध्यक्षाची खुर्ची कोठे ठेवायची हा प्रश्नच उद्भवत नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तोवर हाच बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता, आणि ज्या बुरडांचे पोट सुपे-टोपल्यांवर, त्यांना तो मोजून मिळत होता.

आता चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूच्या खुर्च्या, टेबले घडतात. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहहून सागवानाची मिरवणूक निघाली. त्याच वर्षी नव्या संसद भवनाची माहिती छापून आली तेव्हा तेथील सागवानापुढे 'नागपूर' असे लिहिलेले होते. ते पेठेचे नाव. लाकडाला जंगलाचे नाव लाभत नाही, ही गोष्ट जुनीच.

आमच्या दोन खुर्च्यांचे पुढे असे झाले. वेत विणणारा कारागीर शहरात शोधूनही सापडला नाही. एका बुरड काकांना दाखवली, तर त्यांनी बैठकीच्या कडेची बारीक भोके बोटाने चाचपून सांगितले की बांबूची काडी इथे वाकताना मोडेल, हे वेताचेच काम. शेवटी बाजा विणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते काम घेतले. त्यांनी अंगणात फतकल मारली, खुर्ची आडवी करून मांडीशी ओढली आणि नायलॉनच्या सुताने बाजेची वीण घालायला सुरुवात केली. आम्ही त्यांना बसायला प्लॅस्टिकची खुर्ची देऊ केली होती. तिच्यावर त्यांनी आपली तंबाखूची डबी आणि सुताचा गुंडा ठेवला. दुपारपर्यंत एक झाली, दुसरी ते परवा करणार आहेत.